अभिजात वाङ्मय कोणाचे? थेरीगाथा आणि मावळची लेणी यांच्या वाचनातून सुचलेले काही विचार

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मावळात राहणाऱ्या आणि साहित्याचा अभ्यास करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना या बातमीचा दुहेरी आनंद झाला. मराठी ही आमची मायबोली आहे आणि पाली ही बुद्धवचनाची भाषा आहे. शिवाय आमच्या डोंगरांतील लेख प्राकृतात आहेत. म्हणजे पाचांपैकी तीन भाषा आमच्या घराच्या, विहाराच्या आणि लेण्यांच्या निघाल्या.

परंतु 'अभिजात' हा शब्द कोशात पाहिला, तर त्याचा मूळ अर्थ 'चांगल्या कुळात जन्मलेला' असा आढळतो. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या कुळ आणि जन्म यांच्या नावाने दूर ठेवले गेले, त्या समाजातील विद्यार्थ्याने या शब्दापाशी थोडे थांबणे स्वाभाविक आहे. वाङ्मयालाही कुळ असते काय? राजाच्या दरबारात जन्मले तेच अभिजात आणि जात्यावर, पाणवठ्यावर, शेतात जन्मले ते साधे, असा काही नियम आहे काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहोत. त्यासाठी थेरीगाथा हा ग्रंथ आणि कार्ले-भाजे येथील कोरीव लेख यांचा आधार घेतला आहे. एक ग्रंथ आहे आणि दुसरा दगड आहे; पण दोन्ही एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचले, तर अभिजात वाङ्मयाची खरी ओळख पटते, असे आम्हांस वाटते.

विषय आणि आशयसूत्र

परीक्षेत आपल्याला 'कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहा' असा प्रश्न येतो. गाईडमध्ये त्याचे चार ओळींचे उत्तर तयार असते आणि ते पाठ करून आपण मोकळे होतो. त्यामुळे विषय आणि आशयसूत्र यांतील फरक बहुधा ध्यानात येत नाही. कविता कशाबद्दल आहे, हा झाला विषय. त्या गोष्टीतून माणसाच्या जगण्याबद्दल कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो, ते झाले आशयसूत्र.

एक उदाहरण घेऊ. थेरीगाथेत पटाचारा या थेरीच्या गाथा आहेत. अट्ठकथेप्रमाणे पटाचारेचा नवरा, दोन मुले, आईवडील आणि भाऊ असे सारे कुटुंब एकापाठोपाठ एक गेले व ती वेडी होऊन रस्त्यावर भटकत होती. पण तिच्या स्वतःच्या गाथांत यातील काहीच येत नाही. शेतकरी नांगरतो, पेरतो आणि पीक घेतो. मग शील पाळून, आळस न करता प्रयत्न करणाऱ्या मला मुक्ती का मिळू नये, असे ती विचारते. पाय धुताना उंचावरून सखल जागी वाहत जाणारे पाणी ती पाहते आणि तिचे चित्त स्थिर होते. रात्री खोलीत जाऊन, खाटेवर बसून ती सुईने दिव्याची वात खाली ओढते. दिवा विझतो आणि त्याच वेळी मनही मोकळे होते.

येथे विषय विचाराल तर पाय धुणे आणि दिवा मालवणे, एवढाच आहे. आशयसूत्र मात्र असे की, माणूस कितीही मोडून पडला तरी नीट पाहण्याच्या बळावर पुन्हा उभा राहू शकतो. पावसाळ्यात मावळच्या प्रत्येक उतारावरून पाणी धावत असते आणि ते आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. त्या पाण्याकडे पटाचारेसारखे पाहता येते, हे तिच्या गाथा वाचल्यावर कळते. दोन हजार वर्षांपलीकडची बाई आपल्याला आपल्याच दारातले पाणी दाखवते, यालाच आम्ही अभिजातपणा म्हणतो.

पाठांतर करणारे आणि खांब देणारे

हे वाङ्मय आपल्यापर्यंत आले कसे, हेही विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे. थेरीगाथा हा सुत्तपिटकातील खुद्दकनिकायाचा एक ग्रंथ होय. त्यात ७३ रचना असून एकूण ५२२ गाथा आहेत. जगातील स्त्रियांच्या काव्याच्या अतिप्राचीन संग्रहांत तिची गणना होते. तिच्या जोडीला भिक्खूंची थेरगाथा आहे. हे सारे साहित्य प्रथम लिहिलेले नव्हते, ते मुखोद्गत होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक ग्रंथबद्ध झाले, असे तेथील परंपरा सांगते. तोवर आणि त्यानंतरही पाठांतर करून म्हणणाऱ्या भिक्खूंनी ते जपले. त्यांना 'भाणक' म्हणत. ग्रीक लोकांचे होमरचे काव्यही असेच गाऊन सांगणाऱ्यांच्या तोंडून पुढे आले.

आता येथून कार्ल्याच्या डोंगरावर जाऊ. कार्ले येथील चैत्यगृह सुमारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील आहे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट आणि उंची सुमारे ४६ फूट आहे. डोंगरात कोरलेल्या भारतातील चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे गणले जाते. आत ३७ खांब आहेत. छताच्या लाकडी कमानी त्या काळापासून आजपर्यंत टिकून आहेत. यांपैकी अनेक खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेली आहेत. त्यांतील एक खांब सोपारा येथील सातिमित नावाच्या धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्खूने दिला आहे आणि लेखात त्याची ओळख 'भाणक' अशीच आहे.

ही गोष्ट छोटी वाटेल, पण विद्यार्थ्यांसाठी ती मोलाची आहे. ग्रंथ तोंडपाठ करून सांगणारा एक माणूस आजच्या नालासोपाऱ्याहून आपल्या मावळात येतो व एका खांबाचे दान करतो. म्हणजे ज्या वाङ्मयाला आपण आज पुस्तकात शोधतो, ते या डोंगरात माणसांच्या आवाजात नांदत होते. कार्ल्याच्या लेखांत या ठिकाणाचे नाव वलुरक असे येते. त्याच लेखांत 'मामाल' हे प्रदेशाचे नावही येते. आपल्या 'मावळ' या नावाचे ते जुने रूप होय. तेव्हा आपल्या तालुक्याचे नावसुद्धा या प्राकृत वाङ्मयाने जपून ठेवले आहे.

पहिले सूत्र : श्रम

थेरीगाथा वाचताना प्रथम नजरेत भरते ते त्यातील काम. मुत्ता नावाची थेरी सांगते की, ती तीन वाकड्या गोष्टींतून सुटली. त्या गोष्टी म्हणजे उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. सुमंगलमाता आपल्या स्वयंपाकघरातील भांडी, त्यांचा वास आणि छत्र्या विणणारा आपला नवरा यांची आठवण काढते व त्यातून सुटल्याचा आनंद सांगते. पुण्णिका ही पाणी भरणारी दासी होती. थंडीच्या दिवसांतही मालकिणींच्या माराच्या आणि बोलण्याच्या भीतीने तिला पाण्यात उतरावे लागे.

मोठ्या दरबारी काव्यांत स्त्री पुष्कळदा येते. पण तिथे तिचे डोळे, तिची चाल, तिचा विरह यांचे वर्णन असते. तिचे हात काय काम करतात, हे क्वचितच सांगितलेले असते. थेरीगाथेत ती स्वतः बोलते आणि प्रथम कामाबद्दल बोलते. ज्यांच्या आईने व आजीने लोकांकडे धुणीभांडी केली, भातलावणीला चिखलात कंबर वाकवली, त्या मुलांमुलींना या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

हेच सूत्र लेण्यांत दिसते. कार्ल्याच्या एका दरवाजाचे काम धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केल्याची नोंद आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या सिंहदत्ताचेही नाव तेथे आहे. धेनुकाकटचे यवन, म्हणजे परदेशी वंशाचे लोक, खांबांचे दाते आहेत. आसाढमिता नावाच्या भिक्खुणीचे आणि घुणिकाची आई असलेल्या कोडी या भिक्खुणीचे दान तेथे नोंदलेले आहे. भाजे येथील एका लहानशा लेखात बाधा नावाच्या स्त्रीचे दान असून ती 'हालिका'ची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची पत्नी होती, असे वाचन अभ्यासकांनी केले आहे.

याच सातवाहन काळाशी जोडला गेलेला महाराष्ट्री प्राकृतातील ग्रंथ म्हणजे हाल राजाच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली तिची विस्तृत मराठी आवृत्ती सिद्ध केली. त्या सातशे गाथांतही हालिक आणि त्याचे घर वारंवार भेटते. एकीकडे कवितेत नांगऱ्याचे घर आहे आणि दुसरीकडे भाज्याच्या दगडावर नांगऱ्याच्या बायकोचे नाव आहे. कवितेतील हालिकाची बायको कवीने रंगवली आहे. भाज्याची बाधा मात्र स्वतःच्या नावाने उभी आहे. दोन्ही वाचल्याशिवाय त्या काळचे चित्र पूर्ण होत नाही.

दुसरे सूत्र : जन्म आणि योग्यता

पुण्णिकेची हकीकत येथे पुढे नेली पाहिजे. कडाक्याच्या थंडीत एक ब्राह्मण नदीत स्नान करताना तिला दिसतो. तो कुडकुडत असतो. ती त्याला विचारते की, मी तर माराच्या भीतीने पाण्यात उतरते, तुम्हाला कोणाची भीती आहे? तो सांगतो की स्नानाने पाप धुतले जाते. त्यावर ती म्हणते, असे असेल तर बेडूक, कासवे, सुसरी हे सारे थेट स्वर्गाला जातील. खाटीक आणि चोरही पाण्याने मोकळे होतील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर ती पुण्यही वाहून नेईल, मग तुमच्याजवळ राहील काय? पुढे ती त्याला चांगले वागण्याचा मार्ग सांगते आणि तो तो मान्य करतो.

या संवादात जी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे ती अशी. पुण्णिका रागाने बोलत नाही, शाप देत नाही. ती एक साधा प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर शेवटापर्यंत नेते. दासीने विद्वानाला तर्काने उत्तर द्यावे आणि विद्वानाने ते ऐकावे, ही त्या काळच्या वाङ्मयात सामान्य घटना नाही. थेरगाथेतील सुनीत हा वाळलेली फुले झाडून टाकण्याचे काम करणारा. लोक त्याची घृणा करीत आणि तो सर्वांपुढे मान खाली घालून वागे. बुद्धांनी त्याला संघात घेतले, आणि माणूस ब्राह्मण होतो तो संयमाने व शुद्ध आचरणाने, हा विचार त्याच्या गाथांच्या शेवटी येतो. सोमा थेरीला मार म्हणतो की, दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला हे साधणार नाही. भात शिजला की नाही ते बायका शीत दोन बोटांत चेपून पाहतात, त्यावरून तो टोमणा आहे. सोमा उत्तर देते की, चित्त स्थिर झाले आणि ज्ञान झाले, तर बाईपणाने काय बिघडते?

जन्माने योग्यता ठरत नाही, हे सूत्र पुढे फार लांब गेले. 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथात जन्म, देह, विद्या, कर्म यांपैकी कशाने माणूस ब्राह्मण ठरतो, याची एकेक करून चिकित्सा केली आहे. परंपरा तो ग्रंथ अश्वघोषाचा मानते. त्याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत आणि त्याच नावाचे व विषयाचे एक उपनिषदही आहे. सतराव्या शतकात संत बहिणाबाई यांनी वज्रसूचीचा हा विचार मराठी अभंगांत आणला. बहिणाबाई देहूला येऊन राहिल्या होत्या आणि तुकोबांना त्यांनी गुरू मानले होते.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणावा. इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावते. ती कार्ले आणि भाजे या दोन लेण्यांच्या मधल्या खोऱ्यातून वाहते व पुढे देहू आणि आळंदीला जाते. वलुरकच्या भिक्खूंनी ज्या नदीचे पाणी पाहिले, त्याच नदीकाठी बहिणाबाईंनी अभंग म्हटले. यावरून एक परंपरा थेट दुसरीतून निघाली, असे घाईने म्हणण्याचे कारण नाही. मध्ये पंधरा शतके आहेत आणि वाटा वेगळ्या आहेत. परंतु एकच प्रश्न भाषा बदलून पाली, संस्कृत आणि मराठी अशा तिन्हींत पुन्हा विचारला गेला, एवढे निश्चित. जो प्रश्न सुटत नाही तो वाङ्मयात पुन्हा पुन्हा जन्म घेतो. आशयसूत्र म्हणतात ते यालाच.

तिसरे सूत्र : एकट्याचे दुःख आणि सर्वांचे दुःख

किसा गोतमीची कथा आपल्या विहारांत सर्वांना ठाऊक आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. ज्या घरात कोणी मेले नाही, अशा घरातून मोहरी आणावयास बुद्ध तिला सांगतात. दारोदार फिरल्यावर तिला कळते की असे घर नाही. ही कथा अट्ठकथेतील आहे. थेरीगाथेतील तिच्या नावाच्या गाथांत मोहरी नाही. तेथे आरंभीच कल्याणमित्राची, म्हणजे चांगल्या सोबत्याची थोरवी सांगितली आहे आणि मग स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या दुःखांचा उल्लेख येतो. विद्यार्थ्यांनी मूळ गाथा आणि नंतरची अट्ठकथा यांत असा फरक करण्याची सवय लावून घ्यावी. त्यामुळे कथेचे मोल कमी होत नाही. उलट पिढ्यांनी त्या गाथांतून काय ऐकले, ते समजते.

दोन्हींचे सूत्र मात्र एकच आहे. दुःख एकट्याचे राहिले तर ते वेड लावते, आणि तेच दुःख शेजारच्या दारातही आहे हे कळले की माणूस माणसात येतो. मोहरी मागण्याच्या निमित्ताने बुद्धांनी गोतमीला उपदेश केला नाही, तिला लोकांच्या दारात पाठवले. होमरच्या इलियडच्या शेवटच्या भागातही असाच एक प्रसंग आहे. आपल्या मुलाला मारणाऱ्या अकिलीसकडे म्हातारा राजा प्रायम मुलाचे प्रेत मागण्यासाठी जातो. तेथे दोघेही शत्रू आपापल्या माणसांसाठी एकत्र रडतात. देश वेगळा, धर्म वेगळा, पण दुःखाने दोन माणसांमधील भिंत पाडली, हे सूत्र तेच. आपल्या वस्तीत मयत झाली की चूल शेजारी पेटते आणि शेजारणी जेवण घेऊन येतात. ही रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दोन्ही प्रसंगांचा अर्थ पुस्तकाबाहेरही ठाऊक असतो.

हे वाङ्मय वाचण्याचा अधिकार

येथवर आम्ही वाङ्मयाबद्दल लिहिले. परंतु ते वाचू कोण शकले, हा प्रश्न टाळून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते, पण अस्पृश्य म्हणून त्यांना ते शिकू दिले गेले नाही व त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या प्रयत्नाने केला. ज्या भाषेचे दार त्यांना बंद होते, त्या भाषेतील ग्रंथ तपासून त्यांनी आपले लेखन सिद्ध केले. शाळकरी वयात झालेल्या त्यांच्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले होते. एका मराठी पुस्तकाने मुलाच्या मनात टाकलेले बी पुढे केवढे वाढले, हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जगाने पाहिले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील एका खेड्यात राहणाऱ्या या तरुणाच्या हाती 'बालबोध' मासिकातील बुद्धांविषयीचा लेख आला आणि त्यांना बुद्धधम्माची ओढ लागली. १८९९ साली घर सोडून ते प्रथम पुण्यास आले. पुढे नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करून त्यांनी पालीचे ज्ञान मिळवले. हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले आणि १९१२ पासून सुमारे सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. एवढी विद्या मिळवून त्यांनी 'भगवान बुद्ध' हे पुस्तक लिहिले ते मराठीत.

त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. पुण्यात राहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते डेक्कन क्वीनने जात-येत. म्हणजे मावळचे डोंगर त्यांच्या रोजच्या खिडकीत होते. त्यांनी भर्तृहरीच्या शतकांचे चिकित्सक संपादन १९४८ साली प्रसिद्ध केले, आणि तेच कार्ले व भाजे या परिसरात पायी हिंडून जुन्या वाटा, खेड्यांतील देवस्थाने व शिलालेख तपासत राहिले. १९५५ साली त्यांनी धेनुकाकटवर संशोधनलेख लिहिला. ग्रंथ वाचायचा तो पायाखालच्या जमिनीसह, ही त्यांची रीत विद्यार्थ्यांनी घेण्यासारखी आहे.

वाचताना विचारावयाचे प्रश्न

कोणतेही अभिजात पुस्तक हाती आले की पुढील चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही आपसात ठरवले आहे. पहिला प्रश्न, यात बोलतो कोण आणि गप्प कोण आहे? दुसरा, यात काम कोण करते? तिसरा, यातील दुःख कशामुळे आले आहे आणि ते जाण्याचा कोणता मार्ग दाखवला आहे? आणि चौथा, हा प्रश्न आज आपल्या गावात कोणत्या रूपात उभा आहे?

हे प्रश्न आपल्या प्रिय ग्रंथांनाही विचारले पाहिजेत. थेरीगाथेतील प्रत्येक गाथा त्या-त्या थेरीनेच रचली, असे सिद्ध करता येत नाही. ती जपली आणि तिच्यावर अट्ठकथा लिहिली ती पुरुष भिक्खूंनी. लेण्यांतही केवळ सुतार आणि भिक्खुणी नाहीत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी कार्ल्याचे हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे मोठ्या अभिमानाने सांगतो. महारठींची नावे आहेत, आणि नहपान राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दान दिल्याचा लेख आहे. त्या गावात राबणाऱ्यांची नावे कोणी कोरली नाहीत. प्रश्न विचारल्याने ग्रंथाचा अपमान होत नाही. कालामांना बुद्धांनी सांगितले ते हेच की, परंपरा आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही मानू नका. मग त्यांचे वाङ्मय आपण डोळे मिटून कसे वाचावे?

आपले कर्तव्य

आज पावसाळ्यात शनिवार-रविवारी मळवली स्टेशनवर गर्दी मावत नाही. लोक भाज्याच्या धबधब्यावर जातात, लेण्यांत डोकावून परततात. काहीजण भिंतीवर आपले नाव खरवडतात. दोन हजार वर्षांपूर्वीही येथे नावे कोरली गेली, पण ती काहीतरी देऊन कोरली गेली. कोणी खांब दिला, कोणी दरवाजा घडवला, कोणी पाण्याची पोढी खोदून दिली. काही न देता कोरलेले नाव आणि देऊन कोरलेले नाव यांतील फरक आपल्या मुलांना तेथे उभे करून सांगितला पाहिजे. ब्राह्मीची मुळाक्षरे शिकण्यास काही आठवडे पुरतात. ती येऊ लागली की 'दान' हा शब्द मूल स्वतः बोट ठेवून वाचू शकते.

आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच बैठकीत आठवड्यातून एक थेरी घ्यावी, अशी आमची सभासदांना नम्र सूचना आहे. एका वर्षावासात बारा-तेरा थेरी सहज होतील. वाचन मुलींनी करावे आणि त्यानंतर घरातील वडीलधाऱ्या बायकांना बोलते करावे. मुत्तेच्या उखळ-मुसळाबद्दल त्यांना जे सांगता येईल, ते कोणत्याही गाईडमध्ये सापडणार नाही. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून ठेवावे.

अभिजात शब्दाचा कोशातील अर्थ कुळाचा असला, तरी या वाङ्मयाने त्याला दुसरा अर्थ दिला आहे. पाणी भरणारी पुण्णिका, फुले झाडणारा सुनीत, दरवाजा घडवणारा सामी आणि नांगऱ्याची बायको बाधा यांच्या कुळाची चौकशी आज कोणी करीत नाही. त्यांचे शब्द आणि त्यांचे काम टिकले, म्हणून ते अभिजात. शासनाने भाषेला दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो दर्जा कागदावर राहावयाचा नसेल तर ते वाङ्मय कोणीतरी तोंडाने म्हटले पाहिजे. सोपाऱ्याच्या सातिमिताचे ते काम होते. वलुरकच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आता ते पुढे चालवावे.